अस्पष्ट

शाळेच्या जेवणघरात सुनावणी.
बाकांना अजून दुपारच्या भाताचा वास,
भिंतीशी तिकाटण्यांवर रंगीत तक्ते:
देवमाशाभोवती लाल वर्तुळ, मग नारिंगी, मग पिवळं.
आवाज जसजसा लांब जातो
तसतसा कागदावर सौम्य होतो.

मी लघुलेखिका. होनोलुलूहून आले.
माझ्या यंत्राच्या कळांवर अक्षरं नसतात,
मी ध्वनी पकडते
आणि मत देत नाही. मताचे पैसे मिळत नाहीत.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, लाल.
नौदलाचे अधिकारी नम्र होते, खरंच होते,
एकाने म्हातारीला स्वतःची खुर्ची दिली.
आज उत्तरं मिळणार नाहीत, ते म्हणाले,
आज आम्ही फक्त ऐकायला आलोय.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात.
पाण्याखालचा हा सोनार
परवान्याचे कागद घेऊन येतो,
आणि ज्यांचे कान, त्यांचं नाव
वक्त्यांच्या यादीत नसतं.

तान एमेतेरिया उठली, ओठावरचं पान रुमालाने टिपून.
"चौदाशे पानं. ग्रंथालयात एकच प्रत.
चाळिशी लावून मी बेचाळीस वाचली.
बेचाळिसाव्यावर लिहिलंय, बेटावर परिणाम नगण्य.
नगण्य कोण, परिणाम की आम्ही?"
दिवा पिवळाही झाला नव्हता. ती खाली बसली.

मग तुन बेलिसारियो.
चपला दाराबाहेर काढून आला
जसं काही पाण्यातच उतरायचंय.
"तुमच्या तक्त्यात बारा दिवस समुद्र बंद.
त्यातल्या चार रात्री चंद्र घटत अर्ध्यावर येतो
आणि मान्याहाक किनाऱ्याला लागतो.
बोटाएवढा मासा. खडकावर ढग उतरावा तसा येतो.
माझा पाग त्या रात्रींसाठी विणलाय.
तोफा आठवडाभर थांबतील.
मासा नाही थांबत, त्याच्याकडे तुमचं पत्र पोचत नाही."
लाल दिवा लागला तेव्हा तो माशाची लांबी
हाताने दाखवत होता.
हात मला टिपता येत नाहीत.

नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.
वरचा एसी घरघरत होता, बाहेर कुणाचा तरी कोंबडा.
बोटं अडली. थांबवून विचारायला हवं होतं.
नियमाप्रमाणे लिहिलं: (अस्पष्ट).

सोळा महिन्यांनी अंतिम अहवाल निघाला.
पुरवणी सात, टिप्पणी एकशे सतरा:
चंद्र अर्धा असताना (अस्पष्ट) किनाऱ्याला लागतो.
समोरच्या रकान्यात उत्तर:
सूचनेची नोंद घेतली. सदर प्रजाती
अभ्यासक्षेत्रात आढळत नाही.

बेटावरची पोरं म्हणे आता
त्या माशाला अस्पष्टच म्हणतात.
चला रे, अस्पष्ट धरायला.
कढईत अस्पष्ट तडतडतो.

पुढच्या सुनावणीला बेलिसारियो बाटली घेऊन आला,
मिठात मुरवलेला, वर लिंबू, मिरची.
अधिकाऱ्यांच्या मेजावर नाही,
माझ्या यंत्राशेजारी ठेवली.
"लिही," म्हणाला.
मी मान वर केली. लघुलेखिकेने बोलायचं नसतं.
"कसं लिहू?"
त्याने ओठ गोल केले, जीभ टाळूला लावून दाखवली,
एकेक ध्वनी, लहान मुलाला घास द्यावा तसा,
चुकलं की परत.
हिरवा गेला, पिवळा गेला,
त्याची तीनही मिनिटं एका शब्दात संपली.
तारखांबद्दल तो काहीच बोलला नाही.
मागून कुणीतरी हसलं, मग कुणी हसेना.

पुढे काय ठरलं मला ठाऊक नाही.
माझं विमान पहाटेचं होतं.

होनोलुलूला उतरल्यावर तपासणीवाल्याने
बाटली उजेडात धरली. आत काय आहे?
मी सांगितलं. नीट, एकेक ध्वनी सुटा करून सांगितलं.
त्याने मान डोलावली
आणि नोंदवहीत लिहिलं: लोणचं.